मोजक्या खोल्यांचे घर

मराठीत 'वृद्धाश्रम' हा एकच शब्द इतक्या निरनिराळ्या व्यवस्थांसाठी वापरला जातो की, आई-वडिलांसाठी त्यांपैकी एखादी निवडण्याची वेळ ज्या कुटुंबावर येते, त्याचा गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. निराधारांना मोफत अन्न-निवारा देणारी धर्मादाय संस्था, राज्य शासनाने १९९५ मध्ये आखलेल्या 'मातोश्री वृद्धाश्रम' योजनेतील १०० जणांची वसतिगृहवजा इमारत, पुण्यातील 'अथश्री'सारखी ज्येष्ठांसाठी बांधलेली सदनिकांची वसाहत, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना ठेवून घेणारे 'केअर सेंटर' आणि एखाद्या बंगल्यात आठ-दहा वृद्धांना सांभाळणारे छोटे घर, या सर्वांना बोलण्यात एकच नाव मिळते. प्रत्यक्षात मात्र त्यांतील एक व्यवस्था ज्याला उपयोगी पडते, त्याला दुसरी बहुधा पडत नाही.

या प्रकरणाचा विषय त्यांतला शेवटचा प्रकार आहे. त्याला सहाय्यित निवास म्हणतात, म्हणजे जेथे राहणारी व्यक्ती रुग्ण समजली जात नाही, तिचा दिवस तिच्याच इच्छेने चालतो आणि शरीराला न झेपणारी कामे तेवढी दुसरे कोणी करते, असे घर. नाशिक जिल्ह्याच्या कळवण तालुक्यातील सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून दोराने ओढला जाणारा डबा, सुमारे ५०० पायऱ्यांचा शीण वाचवते, पण दर्शन ज्याचे त्यालाच घ्यावे लागते. सहाय्य आणि शुश्रूषा यांतील फरक यापेक्षा सोप्या रीतीने सांगणे कठीण आहे.

कळवणसारख्या तालुक्यात हा प्रश्न शहरापेक्षा वेगळ्या वाटेने घरात शिरतो. गिरणेच्या आणि चणकापूर धरणाच्या पाण्यावर कांदा पिकवणाऱ्या पूर्वेकडील गावांतील मुले शिक्षणासाठी नाशिकला जातात, पुढे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, पुण्यातील कंपन्यांत किंवा दूरच्या शाळांवर नोकरीला लागतात, आणि जमीन, जनावरे व कांद्याची चाळ सांभाळत म्हातारा-म्हातारी मागे उरतात. पश्चिमेकडील आदिवासी गावांत चित्र आणखी निराळे आहे, कारण तेथील कर्ती माणसे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि घर वृद्धांच्या व लहान मुलांच्या हवाली राहते. या दुसऱ्या गटाला पैसे देऊन घ्यायची निवासव्यवस्था परवडण्यासारखी नाही, हे आरंभीच मान्य केलेले बरे. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १,५०० रुपये औषधपाण्याला हातभार लावतात, कोणत्याही निवासाचे शुल्क त्यातून भागत नाही. पुढील विवेचन म्हणूनच मुख्यतः त्या कुटुंबांसाठी आहे, ज्यांच्याकडे एखादे निवृत्तिवेतन किंवा बाहेरगावी कमावणारे एखादे माणूस आहे.

अशा कुटुंबांत निवासाचा विचार होण्यापूर्वी सहसा एक टप्पा येऊन जातो, आणि तो म्हणजे आई-वडिलांची वाटणी. शेत वाटले जाते त्याच हिशेबाने आई एका मुलाकडे व वडील दुसऱ्याकडे, किंवा दोघेही चार-चार महिने प्रत्येकाकडे, अशी पाळी लागते. समाज या व्यवस्थेला नावे ठेवत नाही, कारण त्यात 'आश्रम' हा शब्द येत नाही. परंतु पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याची ताटातूट करणारी आणि चार महिन्यांनी ज्याची त्याची पिशवी भरायला लावणारी ही पद्धत दोघांनाही एका खोलीत ठेवून घेणाऱ्या छोट्या निवासापेक्षा अधिक मायेची कशी ठरते, याचे उत्तर देणे अवघड आहे.

एकत्र कुटुंबात वृद्धत्व कसे निभावत असे, याचे एक वर्णन अतुल गावंडे या मराठी कुळातील अमेरिकी शल्यविशारदाने 'बीइंग मॉर्टल' या २०१४ च्या पुस्तकात केले आहे. त्यांचे आजोबा सीताराम गावंडे विदर्भातील उटी या गावी जवळजवळ ११० वर्षांचे होईपर्यंत राहिले आणि उठता-बसता आधार लागत असूनही रोज शेताची पाहणी करत राहिले, कारण आधार देणारे हात घरातच होते. त्या आठवणीत भावनेच्या तळाशी एक कोरडा हिशेब आहे: जमीन म्हाताऱ्याच्या ताब्यात होती, आणि तिच्यावर पोट असलेली पुढची पिढी अंगणातच नांदत होती. या दोन गोष्टींपैकी दुसरी आज कळवणमध्ये उरलेली नाही, आणि पहिली कागदोपत्री उरली असली तरी तिच्यातून मनुष्यबळ निघत नाही.

सहाय्यित निवासाची आधुनिक कल्पना याच पुस्तकात सविस्तर आली आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात केरेन ब्राउन विल्सन यांनी १९८० च्या दशकात पोर्टलंड शहरात एक निवास उभारला. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे राहणाऱ्याच्या दाराला आतून लावता येणारे कुलूप होते, खोलीत छोटे स्वयंपाकघर होते आणि आत कोणी यावे हे तीच व्यक्ती ठरवत होती. पुढे ही कल्पना मोठ्या कंपन्यांच्या हाती जाऊन इमारती फुगल्या, तेव्हा उलट दिशेचाही प्रयत्न झाला: डॉ. बिल टॉमस यांच्या कल्पनेतून २००३ मध्ये मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथे 'ग्रीन हाउस' म्हणून ओळखली जाणारी दहा-बारा जणांची घरे उभी राहिली, ज्यांत सर्वांसाठी एकच लांब जेवणाचे टेबल आणि डोळ्यांसमोर चालणारा स्वयंपाक असतो. कॅलिफोर्नियात तर सहा किंवा त्याहून कमी वृद्धांचा निवास हा जमीनवापराच्या नियमांसाठी साधे कौटुंबिक घरच समजला जातो.

महाराष्ट्रात अशी वर्गवारी नाही. नर्सिंग होम नोंदणीचा १९४९ चा कायदा रुग्णोपचार करणाऱ्या आस्थापनांना लागू होतो. केवळ राहण्याची सोय आणि मदत देणारे घर त्याच्या कक्षेबाहेर राहते. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी रुंद दारे, उतरण, लिफ्ट आणि घसरण न होणारी फरशी अशा गोष्टींबद्दल निकष घालून दिले, पण ते नव्याने बांधल्या व विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना लागू आहेत, भाड्याच्या बंगल्यात चाललेल्या निवासाला नाहीत. काळजीगृहांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवू पाहणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, परंतु ते मंजूर झाले नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, निवासाची तपासणी करणारा अधिकारी म्हणजे मुलगा, मुलगी किंवा सूनच, आणि त्यांना काय पाहायचे हे माहीत नसेल तर कोणीच काही पाहिलेले नसते. संस्था न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिची नोंद व हिशेब पाहता येतात. ही वाट फारच थोडे लोक चोखाळतात.

निवास पाहण्याआधी माणूस पाहावा लागतो. अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली एक साधी मोजपट्टी आजही जगभर वापरली जाते: आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. या सहांपैकी काय स्वतः जमते, काय हात धरल्यावर जमते आणि काय मुळीच जमत नाही, हे लिहून काढले की, निम्मा निर्णय कागदावर उतरतो. लॉटन आणि ब्रोडी यांनी १९६९ मध्ये हिच्या जोडीला दुसरी पट्टी दिली, तिच्यात स्वयंपाक, खरेदी, औषधे वेळेवर घेणे, पैशांचे व्यवहार, फोन वापरणे, प्रवास अशी घराबाहेर पोचणारी कामे येतात. कळवणच्या संदर्भात त्यांची रूपे निराळी असतात: सोसायटीच्या कर्जाचा हप्ता लक्षात आहे का, बँकेत अंगठा लावून काढलेले पैसे मोजून घेता येतात का, ७५ वर्षांपुढील व्यक्तींना मोफत असलेल्या एसटीने नाशिकला जाऊन एकट्याने परत येता येते का. केवळ दुसऱ्या पट्टीवरील कामे अडत असतील, तर निवासाची गरज बहुधा नसते, शेजारची एखादी बाई, डबा आणि औषधांची खणांची डबी यांवर दोन-चार वर्षे निघतात. पहिल्या पट्टीवरील दोन-तीन कामे अडू लागली की, घरी चोवीस तासांचे माणूस किंवा निवास, हे दोनच पर्याय उरतात. सहाही कामे अडली असतील, नाकातून नळीने अन्न द्यावे लागत असेल किंवा शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने कातडी फाटून होणारी जखम, झाली असेल, तर छोटे घरगुती निवास त्याला पुरे पडत नाही आणि तसा दावा करणाऱ्या चालकापासून दूर राहिलेले बरे.

स्मृतिभ्रंशाचा विचार येथे स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण त्यात शरीर धडधाकट आणि भान हरपलेले, अशी उलटी स्थिती असते. भारतातील साठीपुढच्या लोकांत त्याचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ते शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. हा आजार बळावतो तसतशी पुढे शिकलेली भाषा पुष्कळदा मागे पडते आणि बालपणीची भाषा उरते. कळवण परिसरात ती अहिराणी असू शकते, कोकणा असू शकते. प्रमाण मराठीत किंवा हिंदीत बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या घरात अशी बाई दिवसभर गप्प राहिली, तर ती 'शांत स्वभावाची' म्हणून नोंदली जाते, वास्तविक तिला लघवीला जायचे असते आणि ते सांगायचा शब्द समोरच्याला कळत नसतो. निवासातील एका तरी मावशीला ती बोली येते का, हा प्रश्न म्हणूनच फर्निचरच्या प्रश्नाआधी विचारायचा असतो. नागलीची किंवा बाजरीची भाकरी मिळते का, हाही त्याच पंक्तीतला प्रश्न आहे, कारण सत्तर वर्षे भाकरी खाल्लेल्या माणसाला रोज दोन्ही वेळा पोळी मिळू लागली की, त्याचे जेवण आणि पाठोपाठ पोट, दोन्ही बिघडतात.

लहान निवासाचे बळ आणि त्याचे दुबळेपण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्ही एकाच कारणातून येतात, आणि ते कारण म्हणजे तेथे माणसे थोडी असतात. आठ जणांच्या घरात स्वयंपाकीण प्रत्येकाची चव ओळखते, कोणी चहा अर्धा ठेवला हे लक्षात येते, चालण्यात पडलेला फरक दुसऱ्याच दिवशी दिसतो. शंभर जणांच्या इमारतीत हेच कळायला पडून हाड मोडावे लागते. पण त्याच आठ जणांच्या घरात दोनच मावशा असतात, आणि त्यांतील एक लग्नाला गावी गेली, दुसरी तापाने पडली, की सगळा डोलारा चालकाच्या बायकोवर येऊन पडतो. मोठ्या संस्थेत एका माणसाची उणीव दहा जणांत विरून जाते, येथे ती तशी विरत नाही. म्हणून छोट्या घराची परीक्षा तेथे कोण आहे यापेक्षा कोण नसेल तेव्हा काय होते, यावर घ्यावी लागते: बदलीची बाई ठरलेली आहे का, ती ब्युरोकडून ऐनवेळी येते की आधीपासून घर ओळखणारी आहे, चालक आजारी पडला तर किल्ल्या आणि औषधांची वही कोणाकडे जाते. या प्रश्नांना चालक हसून 'आमच्याकडे अशी वेळच येत नाही' असे म्हणाला, तर ती वेळ येऊन गेलेली आहे असे समजण्यास हरकत नाही.

हीच परीक्षा रात्रीची. सकाळी अकराला दाखवले जाणारे घर सर्वांत सजलेले असते. वृद्ध पडतात ते पुष्कळदा रात्री-पहाटेही, शौचास उठताना, अर्धवट झोपेत. रात्री जागी असणारी व्यक्ती आहे, की कोणी हाक मारली तर उठेल अशी झोपलेली व्यक्ती आहे, हा फरक कागदावर 'चोवीस तास सेवा' या दोन्हींना शोभणाऱ्या शब्दांत लपतो. संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा असतो का, कठडा हाताला येतो का, मोरीची ओटी किती उंच आहे, आयुष्यभर उकिडवे बसण्याची सवय असलेल्याला कमोडवर बसणे कोणी शिकवले का, वीज गेल्यावर इन्सुलिन ठेवलेल्या फ्रिजचे काय होते, ही पाहणी संध्याकाळी सातनंतर न सांगता जाऊन करावी. अनपेक्षित भेट नाकारणारे घर तेथेच बाद करावे. आत शिरताच लघवीचा उग्र वास आला तर त्याचा अर्थ कळतो. मात्र फिनेलचा घमघमाट आला तरी थोडे थांबून नाक उघडे ठेवायला हवे.

अंतराचा प्रश्न कळवणकरांना चांगलाच छळतो. नाशिक रस्त्याने पाऊणशे ते ऐंशी किलोमीटर दूर आहे. तेथे निवासांची निवड अधिक आणि मोठी रुग्णालये हाताशी, पण गावातील भावकी, शेजारीण आणि सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवाला जाता-येता डोकावणारी माणसे तुटतात. तालुक्याच्या गावी घर मिळाले, तर माणसे टिकतात, उपजिल्हा रुग्णालय जवळ असते, परंतु पक्षाघात किंवा हृदयविकारासारख्या प्रसंगी १०८ च्या रुग्णवाहिकेने नाशिकच गाठावे लागण्याची शक्यता राहते. दोन्ही अंतरे एकदम साधत नाहीत. ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड आधीच कुरकुरत आहे, त्याच्यासाठी रुग्णालयाचे अंतर निर्णायक. ज्याचे दुखणे मुख्यतः गुडघे, दृष्टी आणि एकटेपणा यांचे आहे, त्याच्यासाठी माणसांचे. मुलांना सोयीचे म्हणून मुलांच्या शहरातील निवास निवडला जातो तेव्हा तिसरेच अंतर मोजले गेलेले असते, आणि आठवड्याला एक तास भेटणारा मुलगा उरलेल्या तासांतील गावाची जागा भरून काढील, असे त्यात गृहीत धरलेले असते.

शुल्काबाबत एवढेच पाहावे की, आकडा कशाकशाचा आहे. राहणे-जेवण यांत धरलेले असते. डायपर, औषधे, फिजिओथेरपी, रुग्णालयात सोबतीला माणूस, हे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात आणि प्रकृती खालावते तसतसा दरही वाढतो, तेव्हा वाढीची पायरी करारातच लिहून घ्यावी. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थांच्या वृद्धाश्रमांना राहणे, जेवण व देखभाल धरून दरमहा माणशी २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर जीएसटी माफ आहे, ही गोष्ट पावती वाचताना ध्यानात ठेवावी. ७० वर्षांपुढील सर्वांना २०२४ पासून मिळू लागलेल्या आयुष्मान वय वंदना कार्डाने पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार होतात, निवासाचा खर्च त्यात बसत नाही. अनामत रक्कम घेतली जात असेल, तर मृत्यूनंतर किंवा निवास सोडल्यावर ती किती दिवसांत आणि कोणाला परत मिळेल, हे विचारताना संकोच वाटतो, विचारावेच.

आई-वडिलांचा खरा विरोध पुष्कळदा निवासाला नसून सातबाऱ्याच्या भीतीला असतो. घर सोडले की, नाव कमी होईल, ही समजूत खोल रुजलेली आहे. कायद्याने दुसरीकडे राहायला गेल्याने मालकी जात नाही, हे त्यांना तलाठ्याकडून उतारा आणून डोळ्यांसमोर दाखवणे मुलाच्या शंभर आणाभाकांपेक्षा अधिक उपयोगी ठरते. याच काळात 'सांभाळतो' म्हणून बक्षीसपत्र करून घेण्याची घाई सुरू होते. ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७ च्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. परंतु ती अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताकडे झुकवून लावावा, असेही म्हटले. दस्तात अट स्पष्ट लिहिणे किंवा बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करणे, हे त्यामुळे शहाणपणाचे ठरते. या न्यायाधिकरणाचे काम प्रांताधिकाऱ्यांकडे असते आणि निर्वाहापोटी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मुलांकडून देववण्याचा अधिकार त्याला आहे. मुखत्यारपत्राबद्दलही एक गैरसमज आहे: देणाऱ्याचे भान हरपले की, भारतीय कायद्यात साधे मुखत्यारपत्र निष्प्रभ होते, म्हणून स्मृतिभ्रंशाची चाहूल लागताच बँक खात्यात दुसरे नाव घालून घेणे अधिक भरवशाचे.

एवढे सगळे पाहूनही निवड कागदावरच राहते, जोपर्यंत ज्याला राहायचे आहे त्याने तेथे राहून पाहिलेले नाही. उन्हाळ कांद्याच्या काढणीचे दिवस, जेव्हा घरातील प्रत्येक जण शेतात असतो आणि म्हाताऱ्या माणसाकडे लक्ष देणे खरोखरच कोणाला शक्य नसते, महिनाभराच्या तात्पुरत्या वास्तव्यासाठी सोयीचे ठरतात, कारण त्याचे कारण सर्वांना पटणारे असते आणि परतीचा रस्ता मोकळा असतो. त्या महिन्यात गावचे घर भाड्याने देऊ नये आणि खाट हलवू नये. सोबत स्वतःची गोधडी, पानाचा डबा आणि देवाचा फोटो जाऊ द्यावा, आणि पहिल्या आठवड्यात रोजचा फोन एकाच ठरलेल्या वेळी करावा. प्रवेशाच्या दिवशीचे वजन वहीत टिपून ठेवावे आणि महिन्याने त्याच काट्यावर पुन्हा घ्यावे; दोन-तीन किलोंची घट दिसली, तर चालकाचे म्हणणे ऐकण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन त्या दिवशीची भाजी चाखून पाहावी आणि ताट परत येते तेव्हा त्यात काय उरलेले असते, ते वाढणारीला विचारावे.